गेमसाठी वेबशॉप घेतलं, सहा महिने वापरलं, पाचपैकी तीन स्टार

आधीच सांगतो, हे वेबशॉप, म्हणजे गेमबाहेरचं आपलं दुकान, चालवून देणाऱ्या प्लॅटफॉर्मचं नाव लिहिणार नाहीये. करारात तसं कलम आहे आणि आमच्या सीएंनी ते पिवळ्या हायलायटरने रंगवून दिलंय. एक्सोला, ॲपचार्ज, स्टॅश, अघनिम अशी बरीच नावं या मार्केटमध्ये आहेत, आमचं त्यातलं आहे की बाहेरचं हेही विचारू नका. पण सहा महिने वापरून जे कळलं ते कोणाचाही डेमो कॉल लावायच्या आधी कामाला येईल. आम्हाला हे कोणी आधी सांगितलं असतं तर सहा आठवड्यांचं काम तीनात झालं असतं.

आम्ही पाच जण, कर्वेनगरला एका टू बीएचकेत ऑफिस, त्यातलं किचन म्हणजे मीटिंग रूम आणि गुरुवारी पाणी बंद असलं की वर्क फ्रॉम होम. पुण्यात गेम बनवणारे म्हटलं की लोकांना लगेच सुपरगेमिंग आणि त्यांचा इंडस आठवतो, आम्ही त्या लेव्हलचे नाही हो. आमचा गेम आहे दिवाळीच्या किल्ल्याचा. माती आणायची, पोतं भिजवायचं, बुरूज चढवायचे, अळीव पेरायचे, मावळे उभे करायचे आणि शेजारच्या वाड्यातल्या पोरांच्या किल्ल्यापेक्षा आपला भारी करायचा. गेममध्ये मोहरा असतात, त्या विकत मिळतात, २९ रुपयांपासून ८९९ रुपयांपर्यंत पॅक आहेत. फुकटात खेळणारे ढीगभर, विकत घेणारे मूठभर, सगळ्यांचं असंच असतं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेममध्ये आपण काही विकलं की ॲपल किंवा गूगल आपला कट घेतात, नेहमीचा दर ३० टक्के. वेबशॉप म्हणजे गेमच्या बाहेर, ब्राउझरमध्ये आपलंच दुकान. खेळाडू तिथे प्लेयर आयडी टाकून लॉगिन करतो, यूपीआयने नाहीतर कार्डाने पैसे भरतो आणि मोहरा थेट त्याच्या गेमच्या खात्यात जमा. दुकान, चेकआउट, टॅक्स, फ्रॉड, रिफंड हे सगळं हा प्लॅटफॉर्म सांभाळतो आणि त्याचा वेगळा, लहान कट घेतो. मोठ्या गेम कंपन्या हे बऱ्याच वर्षांपासून करतायत, सुपरसेलचं स्वतःचं वेब स्टोअर आहे, तिथून घेतलं की वर काहीतरी बोनस मिळतो, माझा भाचा क्लॅश ऑफ क्लॅन्सचं सगळं तिथूनच घेतो, म्हणजे त्याचे बाबा घेतात.

हे सगळं अचानक एवढं गाजायला लागलं त्याचं कारण अमेरिकेतलं कोर्ट. १३ ऑगस्ट २०२० ला एपिक या गेम कंपनीने आपल्या फोर्टनाइटमध्ये स्वतःचं पेमेंट घुसवलं, त्याच दिवशी ॲपल आणि गूगल दोघांनीही गेम काढून टाकला, मग केसेस. २०२१ मध्ये न्यायाधीश यव्हॉन गोन्झालेझ रॉजर्स यांनी ॲपलला सांगितलं की बाहेरच्या पेमेंटची लिंक अडवू नका, ॲपलने काय केलं तर लिंक द्या म्हणाले पण त्यावर २७ टक्के आमचे. म्हणजे तीस सोडून सत्तावीस, वा रे मेहेरबानी. ३० एप्रिल २०२५ ला त्याच बाई भडकल्या, कोर्टाचा अवमान झालाय म्हणाल्या आणि अमेरिकेत लिंकवरचं कमिशनच बंद केलं. डिसेंबर २०२५ मध्ये वरच्या कोर्टाने अवमान कायम ठेवला पण काहीच घ्यायचं नाही हे फार झालं असं म्हटलं, त्यामुळे किती घ्यायचं याचं भिजत घोंगडं पडलं. पण हे सगळं अमेरिकेच्या स्टोअरपुरतं. भारतातल्या आयफोनवर गेमच्या आत "बाहेर या, स्वस्त मिळेल" असं बटण टाकलं तर ॲप रिव्ह्यूमध्ये उडणार. सेल्सवाला हे सांगत नाही, तो कॉलवर नुसतं "लिंक आउट, लिंक आउट", म्हणजे गेममधून बाहेरच्या दुकानाची लिंक द्या, एवढंच करत असतो.

भारतात गूगलचं वेगळं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने प्ले बिलिंगच्या, म्हणजे गूगलच्या स्वतःच्या पेमेंट सिस्टिमच्या, प्रकरणात ९३६.४४ कोटींचा दंड ठोकला, अपिलात मार्च २०२५ ला तो २१६.६९ कोटींवर आला, पण त्या भानगडीत इथे गेमच्या आत दुसरं पेमेंट ठेवायची सोय झाली. फक्त त्यात गूगल आपला कट ४ टक्क्यांनीच कमी करतं. म्हणजे आमचे १५ चे ११, वर पेमेंट गेटवेवाल्याचे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्याचे, साधारण २, झाले १३. दोन टक्क्यांसाठी दोन सिस्टिम सांभाळायच्या? नको रे बाबा.

वरच्या वाक्यात मी "आमचे १५" म्हटलं, ते लक्षात आलं का? या अख्ख्या रिव्ह्यूचं मर्म तेच आहे आणि डेमो कॉलवर ते कोणीच काढत नाही. ॲपलच्या स्मॉल बिझनेस प्रोग्रॅममध्ये वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमाई असेल तर १५ टक्के, २०२१ पासून. गूगलचंही पहिल्या दहा लाख डॉलरवर १५. आमच्यासारख्या कर्वेनगरच्या किचनमधून चालणाऱ्या कंपन्यांना दहा लाख डॉलर स्वप्नातच दिसतात, म्हणजे ३० टक्के आम्ही कधी भरलेच नाहीत. पण प्लॅटफॉर्मची प्रत्येक स्लाइड "३० वरून ५" अशीच होती. आम्हीही माना डोलावल्या.

आता खरा हिशोब बघा, जीएसटी सध्या बाजूला ठेवू. आमच्या करारात प्लॅटफॉर्मचे ५ टक्के, वर पेमेंट चार्ज, यूपीआयला २ टक्के पण दर व्यवहाराला कमीत कमी ६ रुपये. २९ रुपयांचा पॅक विकला तर १.४५ अधिक ६, म्हणजे ७ रुपये ४५ पैसे गेले, पंचवीस टक्क्यांच्या वर. प्ले स्टोअरने ४ रुपये ३५ पैसे घेतले असते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. ८९ च्या पॅकवर जेमतेम तीन रुपये वाचतात, अमृततुल्यचा कटिंगसुद्धा येत नाही त्यात. साठ रुपयांच्या खाली सरळ तोटा. ८९९ च्या पॅकवर मात्र प्लॅटफॉर्मला ६३ जातात आणि स्टोअरला १३५ गेले असते, म्हणजे ७२ रुपये हातात. हाच गेम ३० टक्केवाल्याचा असता तर त्याचे २७० गेले असते, त्याला वेबशॉप म्हणजे लॉटरीच. वरदान आहे ते त्यांच्यासाठी, आमच्यासाठी खाऊचे पैसे आहेत.

आणि हे किमान चार्जचं प्रकरण फक्त आमच्याकडे नाहीये. पॅडल नावाची अशीच ऑनलाइन विक्री सांभाळणारी कंपनी आपल्या किंमतीच्या पानावर उघड लिहिते की ५ टक्के अधिक ५० सेंट, आणि दहा डॉलरच्या खालचं काही विकत असाल तर आमच्याशी बोला. ५० सेंट म्हणजे चाळीसच्या वर रुपये हो, आपल्याकडे तेवढ्यात अख्खा पॅक येतो. ते लोक निदान लिहितात तरी. आमच्या कोटेशनमध्ये ते ६ रुपये तिसऱ्या पानाच्या तळटिपेत होते आणि मी, बीकॉम झालेला माणूस, ते न वाचता सही करून मोकळा.

त्यामुळे पहिल्याच महिन्यात २९ चा पॅक वेबशॉपवरून काढला. आता तिथे १९९ च्या खाली काहीच नाही, वर प्रत्येक पॅकवर १० टक्के मोहरा जास्त, मोहरांना आम्हाला काय खर्च येतो? शिवाय रोज एक फुकट पेटी ठेवली, लोक निदान रोज दुकानात डोकावतात. ही आयडिया प्लॅटफॉर्मच्या माणसाने दिली आणि ती खरंच चालली, श्रेय द्यायला पाहिजे.

मग तोट्यातलं वाटतं तर ठेवलं कशाला? टॅक्स. यांची जी मुख्य गोष्ट आहे ती म्हणजे कागदोपत्री विक्रेता तेच असतात, धंद्याच्या भाषेत मर्चंट ऑफ रेकॉर्ड. खेळाडूच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव त्यांचं, पावती त्यांची, भारतातला १८ टक्के जीएसटी ते भरणार, युरोपचा व्हॅट ते भरणार, अमेरिकेत ऑरेगनला सेल्स टॅक्सच नाही आणि न्यू जर्सीला ६.६२५ टक्के, हे लफडं पण त्यांच्याच गळ्यात. आम्हाला महिन्यातून एकदा डॉलरमध्ये एकच रक्कम. आमचे सीए टिळक रोडला बसतात, सत्तरीचे आहेत, त्यांना गेम म्हणजे पत्ते वाटतात, पण हे त्यांना पटकन कळलं. म्हणाले, "म्हणजे तुम्ही घाऊक विकताय आणि किरकोळ विक्री तो करतोय, असंच ना? मग उत्तम आहे, फक्त एलयूटी, म्हणजे निर्यातीचं हमीपत्र, भरून ठेवा आणि बँकेकडून दर वेळी एफआयआरसी, म्हणजे परदेशातून पैसे आल्याचा दाखला, मागून घ्या, मार्चमध्ये माझ्याकडे पळत येऊ नका." आम्ही मार्चमध्येच पळत गेलो ते सोडा.

हेच साध्या गेटवेवर स्वतः केलं असतं तर यूपीआयचा खर्च कमी आला असता, मान्य, पण चार्जबॅक आमच्या डोक्यावर. चोरीच्या कार्डाने मोहरा घ्यायच्या, खातं टेलिग्रामवर अर्ध्या किमतीत विकायचं, मग खरा कार्डवाला बँकेत तक्रार करतो, पैसे परत जातात आणि वर दंड. असले दोन प्रकार आमच्याकडे डिसेंबरात झाले, प्लॅटफॉर्मने एक आधीच अडवला आणि दुसऱ्याचे पैसे स्वतःच्या खिशातून सोसले, करारात होतं तसं. इथे पूर्ण मार्क.

अजून एक. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पैसे लावून खेळायचे गेम बंद, ते योग्य की अयोग्य तो वेगळा विषय. पण त्यानंतर नावात गेम असलेल्या कुणालाही केवायसीवाले संशयाने बघायला लागले. आमच्या गेममध्ये पैसे जिंकता येत नाहीत, मोहरा बाहेर काढता येत नाहीत, मातीचा किल्ला आहे हो तो. तरी पण एका गेटवेने अर्ज दोन महिने लटकवून ठेवला. या प्लॅटफॉर्मने एक डिक्लरेशन घेतलं, गेमचा व्हिडिओ मागितला आणि नऊ दिवसांत काम केलं. व्हिडिओ बघून त्यांच्या तिकडच्या बाईंनी विचारलं की हे लोक चिखलात का खेळतायत, त्यांना दिवाळीचा किल्ला समजावण्यात अख्खा एक कॉल गेला.

आता शिव्या. इंटिग्रेशन, म्हणजे दुकान गेमला जोडणं, दोन आठवड्यांत होतं म्हणाले, सहा लागले. त्यात आमची पण चूक आहे, खोटं कशाला बोलू. पैसे भरले की त्यांचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला निरोप पाठवतो, तो वेबहुक. आपल्याकडून वेळेत पोच गेली नाही की तो पुन्हा पाठवतो. आमचा सर्व्हर धनत्रयोदशीला धापा टाकत होता, पोच उशिरा गेली, निरोप दोनदा आला आणि आमच्या कोडने प्रामाणिकपणे दोनदा मोहरा वाटल्या. एक जण तर २००० च्या जागी ४००० मिळाल्यावर पुन्हा पुन्हा घेऊन बघत होता, चौथ्यांदा दुप्पट मिळाल्या नाहीत तेव्हा त्याने तक्रार केली! ऑर्डर नंबर आधी तपासा आणि मगच माल द्या, हे त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, पण कुठल्या तरी पानाच्या पोटात. ते पहिल्या ओळीत लाल अक्षरात पाहिजे.

दुसरं, मराठी. दुकानाचं पान मराठीत करता येतं म्हणाले, करता येतं पण. पान ठीक दिसतं, पावतीचं पीडीएफ उघडलं की जोडाक्षरांचे तुकडे, "किल्ला" मधला ल आणि ला एकमेकांशी बोलत नाहीत आणि "स्वराज्य पॅक" च्या जागी चौकोन. सहा महिने झाले, तक्रारीचं तिकीट अजून उघडं आहे. शेवटी पावतीवरची नावं रोमनमध्ये टाकली, वाईट वाटलं, मराठी गेमची पावतीच मराठीत नाही.

तिसरं आणि सगळ्यात डोक्यात गेलेलं. दिवाळीत विक्री एकदम चढली, साहजिक आहे, दिवाळीच्या किल्ल्याचा गेम दिवाळीत नाही चालणार तर काय होळीला चालणार? त्यांच्या रिस्क सिस्टिमला मात्र ते संशयास्पद वाटलं आणि त्यांनी पेमेंटमधले १० टक्के नव्वद दिवस अडकवून ठेवले. याला रोलिंग रिझर्व म्हणतात आणि हे पण करारात होतं. मेल केला, बॉटचं उत्तर. पुन्हा केला, पुन्हा बॉट. अकाउंट मॅनेजर रजेवर. बरं, प्ले स्टोअर काय आणि हे काय, पैसे महिन्यानेच येतात, पण तिथे तारीख ठरलेली असते, मी त्या तारखेवर पगार लावतो. नोव्हेंबरात दोघांना पगार आठ दिवस उशिरा दिला, त्यातला एक मीच, पण दुसऱ्याचा गृहकर्जाचा हप्ता होता. पैसे जानेवारीत सगळे आले, एक रुपया कमी नाही, तरी ते आठ दिवस विसरलो नाहीये.

खेळाडूंच्या बाजूने म्हणाल तर चेकआउट मस्त आहे. फोनवर यूपीआय निवडलं की थेट ॲप उघडतं, पिन टाका, परत गेममध्ये. कॉम्प्युटरवर क्यूआर येतो. आयफोनवाल्यांना तर जास्तच बरं, कारण ॲपलने २०२२ मध्ये आपल्याकडची कार्डं घेणं बंद केलं आणि ज्यांना कार्डानेच भरायची सवय आहे ते अडकले होते. फक्त एक, भारतातसुद्धा पत्ता आणि पिनकोड मागतात आणि तो न टाकता पुढे जाऊ देत नाहीत. एका काकूंनी मला मेल केला की मी नातवासाठी मोहरा घेतेय, कुरिअर किती दिवसांत येईल. काय सांगणार? सांगितलं, काकू, आल्या सुद्धा, गेम उघडायला सांगा त्याला.

आणि एक गोष्ट अशी झाली की जिच्यामुळे मी तिसरा स्टार देतोय, नाहीतर दोनच होते. दिवाळीच्या आधी अमेरिकेतल्या एका मराठी मंडळाकडून मेल आला, त्यांच्याकडे मुलांसाठी किल्ला स्पर्धा होती, तिकडे बाल्कनीत माती करता येत नाही म्हणून ती आमच्या गेममध्ये घ्यायचं ठरवलं होतं, आणि ४० मुलांना ९.९९ डॉलरचा पॅक बक्षीस द्यायचा होता, एका पावतीवर, कारण खजिनदारांना हिशोब द्यायचा असतो. मंडळ कुठलंही असो, खजिनदार सारखेच. आता हे ॲप स्टोअरमधून कसं करणार? चाळीस फोन गोळा करणार? वेबशॉपवर गिफ्ट कोडची सोय होती, आम्ही ती कधी उघडून पण पाहिली नव्हती. अर्ध्या तासात चाळीस कोड तयार, एक पेमेंट, ३९९.६० डॉलर, कट गेला साधारण ३२ डॉलर. स्टोअरमधून झालं असतं तर ६० गेले असते, पण मुद्दा तो नाहीच, स्टोअरमधून हे झालंच नसतं. स्पर्धेचे फोटो पाठवले त्यांनी, एका मुलीने प्रतापगड केला होता आणि पायथ्याशी बर्फाची गाडी उभी केली होती. आमच्या आर्टिस्टने तो फोटो ऑफिसात फ्रिजवर लावलाय.

स्टोअरमध्ये विकताना कोण घेतं ते कधी कळत नाही, नुसता ऑर्डर नंबर. इथे निदान ईमेल असतो, माणूस उत्तर देतो, शिव्या देतो, कुरिअर विचारतो. त्यानंतर अजून दोन मंडळांनी घेतले, एक शाळा विचारतेय.

तर कोणी घ्यावं? तुमचा गेम ३० टक्क्यांत असेल तर हे वाचत काय बसलाय, उद्याच घ्या. १५ टक्केवाल्यांनी आधी आपला सरासरी पॅक किती रुपयांचा आहे ते बघावं, शंभरच्या खाली असेल तर राहू द्या. परदेशात खेळणारे असतील किंवा घाऊक घेणारे असतील तर विचार करा. कॉलवर तीन प्रश्न विचारा, दर व्यवहाराला किमान चार्ज किती, रिझर्व कधी आणि किती दिवस अडकवता, आणि पगाराच्या आठवड्यात पैसे अडकले तर फोन उचलणारा जिवंत माणूस कोण. तिसऱ्या प्रश्नावर आमच्या माणसाने विषय बदलला होता, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं.

कराराचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. ते सहा रुपये तीनवर आणा म्हणून मेल टाकलाय, सोबत पावतीचं ते चौकोनवालं पीडीएफ पण पुन्हा जोडलंय. उत्तर आलं की इथेच एडिट करून टाकतो.